गारगोटीच्या पिठातले काळे ठिपके

१

दादाच्या टेबलावर हात धुवायचं बेसिन ठेवलेलं होतं. नळ नाही, पाणी नाही, नुसतं बेसिन, आणि तेही फायलींच्या डोक्यावर. चांगलं पांढरंशुभ्र होतं, पण त्यावर माशा बसाव्यात तसे काळे ठिपके होते. आत्यानं आधी ते खरोखरच हातानं हाकलले. एकही उडाला नाही.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेनं तिखट. दादाचा मुलगा तिला आत्या म्हणतो म्हणून कारखान्यातले सगळेच तिला आत्या म्हणत. त्यात तिच्या बरोबरीच्या वयाचेही होते, आणि त्याचा तिला राग यायचा.

कारखाना घरचाच होता. डोंगरातून आलेली गारगोटी इथे निवडायची, तापवून पाण्यात टाकायची म्हणजे तिला तडे जातात, मग भरडायची, अ‍ॅसिडनं धुऊन तिच्यातलं लोखंड काढायचं, वाळवायची आणि मिलमध्ये दळायची. शेवटी हाती येतं ते पांढरं पीठ, गालावर लावावं इतकं मऊ. हे पीठ बेसिनांवरच्या चकचकीत थरात जातं. त्यात लोखंडाचा कण राहिला की भट्टीत त्याचा काळा ठिपका होतो आणि बेसिन फुकट जातं.

दादानं सांगितलं की मोठं गिऱ्हाईक तुटायच्या बेतात आहे, माल पुन्हा पुन्हा परत येतोय, आणि हे सगळं धाकट्याचं काम आहे. धाकटा म्हणजे दोघांचा सख्खा भाऊ. अ‍ॅसिडच्या टाक्या पहिल्यापासून त्याच्याकडे. दादाच्या मते तो धुण्यात कसूर करतो, विचारलं तर उत्तर देत नाही, आणि आज पाचच्या भोंग्याला त्याला कारखान्यातून कायमचं बाहेर काढायचं ठरलं होतं.

"मग मला कशाला बोलावलंस? शोध लावायला?"

"शोध लागलाय. तू साक्षीला आहेस. उद्या नातेवाईक म्हणायला नकोत की दादानं भावावर अन्याय केला."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाच वाजेपर्यंतचा वेळ मागितला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता, तो ढिम्म हलला नाही. दुसऱ्यांदा मागितला, तरी तेच. शेवटी तिनं पुढे जाऊन त्याच्या नाकासमोर उभं राहून मागितला, तेव्हा तो म्हणाला, "हो, घे की." ही दादाची जुनी खोड. नको असलेलं ऐकायचंच नाही, लहानपणापासून.

वर त्यानं आपलं कौतुकही सांगून घेतलं. दर सोमवारी आणि गुरुवारी तो जातीनं आत फेरी मारतो. त्यानं मिलच्या खोलीत पाऊल टाकलं की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते, असा त्याचा वचक. सगळे कामगार पुढे येऊन नीट उत्तरं देतात. फक्त सख्खा भाऊ आपल्या टाकीपाशी खांबासारखा उभा राहतो, आणि तोंडातून एक शब्द काढत नाही.

आज गुरुवारच होता. जाताना दादा म्हणाला, "आजची फेरी मी पाचला मारणार. त्याला बाहेर काढायला."

२

अ‍ॅसिडच्या शेडमध्ये छताला एक भलामोठा पंखा होता. वाफ बाहेर फेकायला तो दिवसभर घरघरत असायचा. धाकटा टाकीच्या कडेला उभा राहून काठीनं ढवळत होता. नाकातोंडावर जाड मास्क, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. आत्यानं दोन प्रश्न विचारले. त्यानं काहीतरी उत्तर दिलं असावं, मास्क हलला होता. तिला काही ऐकू आलं नाही. शेवटी तिनं त्याची बाही धरून त्याला बाहेर उन्हात ओढून आणला.

बाहेरही मोठासा उजेड पडला नाही. धुण्यात कसूर केलीस का, तर नाही. मग ठिपके कुठून आले, तर ठाऊक नाही. दादाला उत्तर का देत नाहीस, तर देतो.

"तो म्हणतो तू तोंड उघडत नाहीस."

"मी दर वेळी उत्तर देतो, ताई."

"मग तो खोटं बोलतो?"

"तसं नाही," असं म्हणून धाकटा मोज्यांवरचे थेंब झटकत बसला. आत्यानं गोडीनं विचारलं, दटावून विचारलं, आईची शपथ घातली. हा भाऊ लहानपणीही असाच, मार खाईल पण ताकास तूर लागू देणार नाही. वर म्हणतो कसा, पाच वाजता मी आपण होऊन जातो, भांडण नको, दादाचा रक्तदाब वाढतो.

"अरे, पण तू काही केलं नाहीस ना?"

"नाही."

"मग जातोस कशाला, शहाण्या?"

आत्या वैतागून वळली, तेव्हा मात्र त्यानंच मागून हाक मारली. तिला वाटलं, चला, पाझर फुटला एकदाचा. पण तो म्हणाला, "एक ऐक माझं. मिलच्या खोलीत फार चौकशा करू नकोस."

३

असं म्हटल्यावर कुणीही तडक मिलच्या खोलीत गेलं असतं. आत्या शिक्षिका होती, ती आधी प्रयोगशाळेत गेली.

तिथे दादाचा मुलगा बसतो. कारखान्याचा केमिस्ट तोच. काकाची शेड आपल्या हाताखाली यावी अशी त्याची इच्छा असल्याचं आत्याच्या कानावर होतं, त्यामुळे ती जराशी आवाज चढवूनच बोलली. पण पोरगा सरळ निघाला. त्यानं परत आलेल्या पोत्यांतलं पीठ बशीत ओतलं आणि दाखवलं. पीठ पांढरं होतं. काकाचं धुणं कच्चं राहिलं असतं, तर लोखंडाचा डाग कणाकणात राहून सगळी बशी पिवळट दिसली असती. इथे तसं काही नाही. मग त्यानं कागदात गुंडाळलेला लोहचुंबक पिठातून फिरवला. कागदाला काळे बारीक कण चिकटून आले.

म्हणजे हे लोखंड गारगोटीच्या पोटातलं नव्हतं, अ‍ॅसिडनंतर बाहेरून पडलेलं होतं. वाळवायच्या भट्टीच्या पत्र्याचा गंज, माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या सांध्यांची झीज, असलं काहीतरी.

"मग हे तुझ्या बापाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. इथेच, मायक्रोस्कोपमध्ये बघत बघत सगळं समजावून सांगितलं. बाबा मागे उभे होते. माझं बोलून झालं तर म्हणाले, काकाला काढायचं म्हणजे काढायचं."

आत्यानं कपाळावर हात मारला. दादाचा हट्ट तिला काही नवा नव्हता.

पण मग हे बाहेरचं लोखंड पोत्यापर्यंत पोचतंच कसं? मिलमधून पीठ बाहेर पडतं त्या तोंडाशी लोहचुंबक बसवलेला असतो तो याचसाठी. पुतण्याची कळी खुलली. जुन्या दांड्यांचा चुंबक काढून त्यानं नुकताच नवा आणला होता, विजेवर चालणारा, जुन्याच्या कितीतरी पट ताकदीचा. पीठ त्याच्यातून खाली येतं, लोखंड वर अडकून राहतं. संध्याकाळी पोत्याकडची झडप फिरवून ती वाट बंद करायची, मग मिलचं आणि चुंबकाचं एकच बटण आहे ते बंद करायचं. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते, आणि दिवसभराची काळी भुकटी बाजूच्या वाटीत पडते.

"आणि काही काही दिवशी तर वाटीत जेमतेम चिमूटभर असते, आत्या. इतकं शुद्ध पीठ!"

आत्यानं विचारलं, कुठले ते दिवस. पुतण्या आठवून सांगू लागला, सांगता सांगता परत आलेल्या पोत्यांवरच्या तारखांकडे बघू लागला, आणि त्याचा चेहरा पडला. ज्या दिवशी वाटी जवळजवळ रिकामी, त्याच दिवसाची पोती ठिपक्यांची. सगळे सोमवार आणि सगळे गुरुवार.

४

आता पुढचं शाळकरी पोरालाही सुचावं. चुंबकानं लोखंड धरलं होतं आणि दिवसाढवळ्या, झडप न फिरवता, सोडून दिलं होतं. विजेचा चुंबक वीज गेल्याशिवाय काही सोडत नाही. म्हणजे त्या त्या दिवशी मध्येच कुणीतरी बटण बंद करत होतं.

मिलवाला खोलीच्या दाराशीच भेटला. थोराड, मिशाळ माणूस. आत्यानं विचारलं, काम चालू असताना मिल बंद होते का. तो म्हणाला, "सकाळी चालू केलेली मिल संध्याकाळपर्यंत बंद होत नाही."

पोती शिवणारी बाई आत दोऱ्याच्या मशीनवर होती. तिला खुणेनं बाहेर बोलावून तेच विचारलं. ती चपलेकडे बघत म्हणाली, "सकाळी चालू केलेली मिल संध्याकाळपर्यंत बंद होत नाही."

पट्ट्यावर गारगोटी टाकणारा एक पोक्त गडी होता. तोही तेच बोलला, अगदी त्याच शब्दांत.

आत्यानं उभा जन्म कॉपी पकडण्यात घालवला होता. तिघांच्या पेपरात एकच वाक्य म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं मिलवाल्याला पुन्हा गाठलं, तो मिशीला चिकटलेलं पीठ पुसत राहिला. शिवणवालीला म्हणाली, अगं, एका माणसाचं घर बसतंय, ती पदरानं डोळे पुसायला लागली पण बोलली नाही. सगळ्यांनी तोंडात गुळणी धरलेली. चिडावं तरी कुणावर, एकाच्याही चेहऱ्यावर पाप दिसत नव्हतं. उलट तीच काहीतरी वाईट करते आहे अशा नजरेनं ते तिच्याकडे बघत होते. फाटकातून ट्रक आत येऊन उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत पाय पसरून झोपलासुद्धा. पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता.

शेवटी ती एकटीच मास्क लावून मिलच्या खोलीत शिरली. तिथे असा गडगडाट होता की छातीची फासळी थरथरावी. पोलादाची झीज पिठात नको म्हणून मिलच्या पोटात दगडी गोटे घातलेले असतात, ते आत आदळत होते. तिनं मिलवाल्याला हाक मारली, तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. मग ओरडली. कुणी मान वळवली नाही. इथे टाचणी सोडा, हातोडा पडला तरी कळणार नाही असं मनाशी म्हणत ती भिंतीला टेकली, आणि तशीच राहिली.

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तिनं ते माणसांच्या शांततेबद्दल घेतलं होतं.

५

मिलवाल्याला तिनं ट्रकच्या मागे नेलं आणि एकच प्रश्न विचारला. दादा फेरीला येतात तेव्हा बटण कोण दाबतं?

त्या आडदांड माणसाचे खांदे पडले. "मीच," तो म्हणाला. झडप? झडप फिरवायला वेळ कुठला, थोरले दारात उभे असतात. ते आत येतात तेवढ्यात बंद, गेले की चालू. जुना चुंबक होता तेव्हाही असंच करायचे, कधी काही बिघडलं नाही. बरोबरच होतं. जुन्या चुंबकाला विजेशी देणंघेणं नव्हतं, तो धरलेलं सोडत नव्हता. मान देण्याची रीत जुनी आणि चुंबक नवा, एवढ्यावरच सगळा घोटाळा झाला होता.

"अरे, मग हे मघाशीच सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं असतं, का बंद करता. मग आम्ही काय सांगितलं असतं?"

"का बंद करता?"

मिलवाल्यानं अ‍ॅसिडच्या शेडकडे पाहिलं.

धाकटा मोजे काढून, हात धुऊन, डबा पिशवीत भरून जायच्या तयारीत बसला होता. आत्या काही बोलायच्या आधीच त्याला कळलं. त्यानं तिला बाकावर बसायला जागा केली.

"त्याला ऐकू येत नाही, ताई. बरेच दिवस झाले. शांततेत समोर उभं राहून बोललं तर थोडं कानानं, थोडं ओठांवरून ओळखतो. इथे सगळ्यांना मास्क. मिल चालू असताना काहीतरी भलतंच उत्तर द्यायचा. एकदा दोघं हसले. त्यानं बघितलं, पण कशाला हसले ते त्याला कळलं नाही, तोही हसला. मला ते बघवेना. मग मी सगळ्यांना सांगितलं, दादा आला की मिल बंद करायची, मास्क उतरवून समोर जाऊन बोलायचं, आणि हे कुणाला सांगायचं नाही."

"आणि तुझ्याकडे आला की?"

"पंखा बंद करता येत नाही, मास्कही काढता येत नाही. वाफ कोंडली तर माणसं मरतील."

आत्याला सकाळची खिडकी आठवली, मायक्रोस्कोपमागे उभा असलेला दादा आठवला. जुनी खोड म्हणे. तिला स्वतःचाच राग आला. मग तिनं त्याला चुंबकाचं सगळं समजावून सांगितलं. धाकटा ऐकत राहिला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं की आधी झडप फिरवून मग बटण दाबलं तर चालेल ना. चालेल, आत्या म्हणाली.

"मग तेवढंच सांग त्याला. कानाचं बोलू नकोस. कळलं तर तो कारखान्यात पाऊल टाकणार नाही. घरी बसून मरेल तो."

"आणि त्यानं तरीही तुला काढलं तर?"

"तर काढलं," धाकटा म्हणाला.

६

पाचच्या भोंग्याला दादा इस्त्रीचे कपडे आणि रुमाल बांधलेलं नाक घेऊन मिलच्या दारात आला. त्यानं पाऊल आत टाकलं तसा मिलवाल्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला. आत्यानं त्याला तसंच करू दिलं. शिवणवालीनं आधीच पिठाच्या नळीखालचं पोतं सोडवलं होतं आणि तिथे पांढरा कागद धरून पुतण्या उकिडवा बसला होता. धाकटाही मास्क लावून भिंतीशी येऊन उभा होता.

गडगडाट थांबला. कागदावर काळी भुकटी सुर्रकन सांडली.

आत्या दादाच्या समोर उभी राहिली, मास्क खाली ओढला आणि एकेक गोष्ट सांगितली. ठिपके म्हणजे डाग नव्हे, कण. म्हणून धाकट्याचं धुणं निर्दोष. हे कण चुंबकानं धरलेले, वीज गेल्यावर सोडलेले. वीज जाते सोमवारी आणि गुरुवारी, तू येतोस तेव्हा. दादाला रसायन कळत नसलं तरी कारखाना कळत होता. तो कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"म्हणजे मी येतो म्हणून माल बिघडतो."

त्यानं मान वर करून मिलवाल्याकडे पाहिलं.

"बंद का करता पण?"

मिलवाल्यानं जमिनीकडे पाहिलं. शिवणवालीनं जमिनीकडे पाहिलं. आत्या जन्मात खोटं बोलली नव्हती असं नाही, पण इतकं कठीण कधी गेलं नव्हतं. "तुझा मान म्हणून," ती म्हणाली. "आता आधी झडप फिरवतील, मग बंद करतील. काही बिघडणार नाही."

दादा ताठ झाला. त्याला ते आवडलंही होतं आणि झोंबलंही होतं. "मालापेक्षा मोठा मान मला नको. यापुढे माझ्यासाठी मिल थांबवायची नाही. चालू करा, आत्ता, माझ्यासमोर."

आत्यानं त्याला थोपवायचा प्रयत्न केला, उद्यापासून बघू म्हणाली. पण दादानं ठरवलं की ठरवलं. मिलवाल्यानं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं नाइलाजानं मान हलवली, आणि मिल गडगडायला लागली.

दादा धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. "तुझी चूक नव्हती, तर माझ्यासमोर कधी बोलला का नाहीस?"

धाकटा बोलला. मास्क वरखाली हलताना सगळ्यांनी पाहिला. दादानं त्या मास्ककडे पाहिलं, मग आजूबाजूला. एकजणही त्याच्या नजरेला नजर देईना. मिलवाल्याचा हात हळूच बटणाकडे सरकत होता. दादाला तो हात दिसला, आणि मग त्याला सगळंच दिसलं असावं, कारण तो तीन ढांगांत तिथे गेला आणि त्यानं मिलवाल्याचं मनगट धरलं. घट्ट धरून ठेवलं. आता हा तोंड फिरवून निघून जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही, असं आत्याला वाटलं.

दादानं नाकावरचा रुमाल सोडला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. मिलच्या गडगडाटावरून पलीकडे सावलीत झोपलेला ट्रक ड्रायव्हर उठून बसेल इतक्या मोठ्यानं म्हणाला. मग धाकट्याला बोटानं जवळ बोलावलं आणि आपला कान पुढे केला.

धाकट्यानं मास्क काढला, दादाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागला. बरंच साठलेलं असणार. तो बोलतच राहिला. शेजारी उभ्या असलेल्या आत्यालासुद्धा त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, पण दादा मध्ये मध्ये मान डोलावत होता, आणि एकदा त्यानं डोळे पुसले, ते पीठ गेलं म्हणून असेल किंवा नसेल. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"एवढंच होतं, तर गाढवा, आधीच कानात येऊन का नाही सांगितलंस?"